दूध टाकणारे बाळ आणि आंबट ढेकर देणारे मूल

सोमवार हा आमच्या गावचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी दवाखान्यात आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्यांची गर्दी असते. एका सोमवारी अडीच महिन्यांच्या नातवाला घेऊन एक आजी आल्या. त्यांच्या मागे बाळाची आई, मान खाली घालून. आजींनी बसण्याआधीच निदान सांगून टाकले, "डॉक्टर, हिचं दूध जड आहे. पोराला पचत नाही. पाजलं की टाकतंय. आता डब्याचं दूध लिहून द्या."

मी बाळाकडे पाहिले. अंगडे गळ्यापाशी ओले होते, आंबूस वासही येत होता. पण स्वारी मजेत होती. मूठ चोखत पंख्याकडे बघत होती. कपडे काढून त्याला काट्यावर ठेवले. जन्माच्या वेळचे वजन २ किलो ८०० ग्रॅम आणि त्या दिवशीचे ४ किलो ९०० ग्रॅम. मी विचारले, "आजी, ज्याला दूध पचत नाही त्याचं वजन असं वाढेल का?" आजी गप्प झाल्या. आईने मात्र तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. चौकशीत कळले की दूध 'हलके' व्हावे म्हणून घरच्यांनी तीन आठवडे तिची डाळ आणि भाजी बंद केली होती.

'बाळ दूध टाकते' ही तक्रार तशी नेहमीचीच. यातील बहुतेक बाळे ठणठणीत असतात. मात्र त्यांच्यातच एखादे खरोखर आजारी बाळ दडलेले असते. ते कसे ओळखावे, आणि मोठ्या मुलांत हाच त्रास कोणत्या रूपाने येतो, याविषयी आज थोडे सविस्तर पाहू.

दूध वर का येते?

आपण गिळलेले अन्न अन्ननलिकेतून जठरात उतरते. या दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. बटव्याच्या तोंडाला जशी दोरी असते तसेच हे कडे समजा. अन्न खाली जाताना ते सैल होते व नंतर आवळले जाते. तान्ह्या बाळात ही दोरी वारंवार मधेच सैल पडते. त्यात अन्ननलिका आखूड, आहार सगळा पातळ आणि बाळ बहुतेक वेळ आडवे. त्यामुळे जठरातील दूध सहज वर येते. यालाच वैद्यकीय भाषेत 'रिफ्लक्स' म्हणतात.

दुधाचे प्रमाणही लक्षात घ्या. पाच किलोचे बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पिते. याच हिशेबाने साठ किलोच्या माणसाला रोज नऊ लिटर दूध पिऊन आडवे पडावे लागेल! थोडे बाहेर सांडले तर नवल नाही.

पहिल्या तीन-चार महिन्यांत निम्म्याहून अधिक निरोगी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चार महिन्यांच्या सुमारास हे प्रमाण सर्वांत जास्त असते. पुढे बाळ बसू लागते, वरचे घट्ट अन्न सुरू होते आणि वर्षाच्या आतबाहेर बहुतेकांचे टाकणे आपोआप थांबते. तेव्हा रिफ्लक्स हा स्वतः काही रोग नव्हे. त्याच्यामुळे वजन वाढेनासे झाले, अन्ननलिकेला सूज वा जखम झाली, गिळताना दुखू लागले किंवा दूध श्वासनलिकेत जाऊन छाती वरचेवर भरू लागली, तरच त्याला 'रिफ्लक्सचा आजार' म्हणायचे. पुढचे सगळे निदान या फरकावर अवलंबून आहे.

गुळणी आणि उलटी

दूध टाकणे म्हणजे गुळणी. ती ढेकरेबरोबर, हसता हसता ओठांच्या कडेने ओघळते. बाळाला जोर लावावा लागत नाही आणि टाकून झाल्यावर ते पुन्हा खेळू लागते. उलटीत पोट आकसते, बाळ कळवळते आणि दूध जोराने बाहेर फेकले जाते. दवाखान्यात आई 'ओकतंय' एवढेच सांगते. या दोहोंतले नेमके काय, ते विचारणे डॉक्टरचे काम आहे. हे काम मी एकदा केले नव्हते. ती गोष्ट सांगितलीच पाहिजे.

माझी एक चूक

१९९८ साल. दवाखाना सुरू होऊन मला जेमतेम एक वर्ष झाले होते. एका जोडप्याचा पहिलाच मुलगा, वय चार आठवडे, 'दूध टाकतो' म्हणून आला. दवाखान्यात गर्दी होती. मी पोट चाचपले, छाती तपासली, 'पाजल्यावर ढेकर काढा' असे सांगून थेंबांचे औषध लिहून दिले. पाच दिवसांनी ती माउली पुन्हा आली. म्हणाली, "डॉक्टर, याची उलटी पाळण्याबाहेर जाऊन पडते. आणि उलटी झाली की लगेच दुधासाठी रडतो." पहिलटकरीण घाबरली असेल, असे समजून मी तिची समजूत घातली. औषध बदलून दिले.

आणखी तीन दिवसांनी बाळाला आणले तेव्हा त्याचे ओठ कोरडे होते, टाळू खोल गेली होती आणि सकाळपासून लघवी एकदाच झाली होती. तेव्हा कुठे मी त्याला काट्यावर ठेवले. वजन जन्माच्या वेळेपेक्षाही कमी भरले. त्याच संध्याकाळी त्याला जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. सोनोग्राफी झाली. जठरातून आतड्यात उतरणारा मार्ग तेथील स्नायू जाड झाल्याने आवळला गेला होता. या विकाराला 'पायलोरिक स्टेनोसिस' म्हणतात.

हा विकार साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लक्षात येतो. मुलींपेक्षा मुलांत, त्यातही पहिल्या मुलात जास्त आढळतो. दूध जठरापुढे जातच नाही, म्हणून उलटी पिचकारीसारखी लांब फेकली जाते, पण तिच्यात पित्त नसते. पोट रिकामेच राहते, म्हणून बाळ लगेच भुकेने रडते. शी कमी होते, वजन घटत जाते. त्या आईने नेमकी हीच लक्षणे तिच्या शब्दांत मला सांगितली होती! पुस्तकात वाचलेला रोग समोर आला आणि मला ओळखता आला नाही.

यावर शस्त्रक्रिया हाच उपाय. जर्मन शल्यविशारद कॉनराड रामस्टेट यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेली पद्धत मुळात आजही तीच आहे : जाड झालेला स्नायू वरून चिरून मोकळा करायचा. त्या बाळाला आधी दोन दिवस सलाईन देऊन शरीरातील पाणी व क्षार सावरावे लागले, मग शस्त्रक्रिया झाली. मुलगा वाचला. आज तो पंचविशी ओलांडलेला तरुण आहे, गावातच दुकान चालवतो. पण माझ्यामुळे त्याचे आठ दिवस वाया गेले होते आणि आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर काय झाले असते, हे मी जाणतो. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात उलटीची तक्रार असलेले एकही बाळ वजन केल्याशिवाय परत जात नाही. शक्य तेव्हा आईला तेथेच बसून पाजायला सांगतो आणि पुढे काय होते ते स्वतः पाहतो.

धोक्याच्या खुणा

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर 'सगळीच बाळे टाकतात' असे म्हणून घरी बसू नका :

१. हिरवी किंवा गडद पिवळी उलटी. आतड्यात अडथळा किंवा पीळ असू शकतो. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तासाभरात मोठे रुग्णालय गाठावे.

२. पिचकारीसारखी, दर वेळी वाढत जाणारी उलटी. विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत.

३. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट रंग. (आईच्या स्तनाग्राला चीर पडली असेल तर तेच रक्त बाळाच्या पोटात जाऊन उलटीत दिसू शकते, पण ते डॉक्टरांनीच ठरवावे.)

४. वजन न वाढणे किंवा घटणे.

५. पोट टम्म फुगणे, शीतून रक्त पडणे.

६. ताप, सुस्ती, दूध न ओढणे, टाळू फुगणे, झटके. अशा वेळी कारण पोटात नसून मेंदूज्वर किंवा दुसरा जंतुसंसर्ग असू शकतो.

७. दूध पिताना दर वेळी ठसका लागणे, निळे पडणे, श्वास अडखळणे.

८. सहा महिन्यांपर्यंत मुळीच न टाकणाऱ्या बाळाने त्यानंतर टाकू लागणे, किंवा दीड वर्षानंतरही टाकणे चालूच राहणे.

वजनाचा हिशेब पालकांनीही ठेवावा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि दोन आठवड्यांच्या आत पुन्हा जन्माइतके होते. त्यानंतर पहिले तीन महिने रोज सुमारे २५ ते ३० ग्रॅम वाढते. पाच महिन्यांच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट हा ढोबळ ठोकताळा. सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डात वाढीचा आलेख छापलेला असतो. अनेक घरांत ते कार्ड कपाटात असते. ते दवाखान्यात घेऊन या. आलेखाची रेघ वर चढत असेल तर माझी अर्धी चिंता तेथेच मिटते.

आणखी दोन गोष्टी. काही बाळांना गाईच्या किंवा डब्याच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते. त्यात उलट्यांबरोबर शीत शेंब किंवा रक्त, अंगावर खाजरा पुरळ, वजन न वाढणे अशी लक्षणे दिसतात. हा त्रास रिफ्लक्ससारखाच भासतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे ते दूध बंद करून व नंतर पुन्हा देऊन निदान होते. बाळ अंगावरच पीत असेल तर आईच्या आहारातील दूध व दुधाचे पदार्थ तेवढ्या काळापुरते थांबवावे लागतात; अंगावरचे पाजणे थांबवायचे नसते. 'आईचे दूध जड' हा रोग मात्र कोणत्याही पुस्तकात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, काही बाळे दूध घेताना वा घेतल्यावर मान वाकडी करून पाठीची कमान करतात. घरचे म्हणतात फिट आली. रिफ्लक्समुळेही असे होऊ शकते. याला 'सँडिफर सिंड्रोम' म्हणतात आणि त्याचे वर्णन १९६४ साली प्रसिद्ध झाले. पण ही फिट नाही हे घरच्या घरी ठरवू नये. हल्ली घरोघरी मोबाइल आहे. तो प्रकार चित्रित करून डॉक्टरांना दाखवा. शब्दांनी समजत नाही ते अर्ध्या मिनिटात समजते.

मोठे मूल काय सांगते?

मोठ्या माणसाला छातीत जळजळ झाली की तो तसे सांगतो. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला ते सांगता येत नाही. ते बेंबीवर हात ठेवून 'पोट दुखतंय' एवढेच म्हणते. काही मुले दोन घास खाऊन ताट सारतात. काहींना झोपल्यावर खोकला येतो, सकाळी आवाज बसलेला असतो. काहींच्या दातांवरचे कवच झिजते आणि ते आधी दंतवैद्याच्या लक्षात येते.

मागे नऊ वर्षांची एक मुलगी आली. रोज सकाळी पोट दुखते, शाळेत जायच्या वेळीच दुखते, म्हणून घरचे तिला नाटकी म्हणत. जंताचे औषध दोनदा देऊन झाले होते. मी वडिलांना गप्प बसायला सांगून तिलाच विचारले, "बाळा, तोंडात कधी आंबट पाणी येतं का?" ती म्हणाली, "रोज रात्री येतं. मी गिळून टाकते." वडिलांचे दुकान दहाला बंद होई, मग साडेदहाला सगळ्यांचे जेवण, वर शेव-फरसाण आणि लगेच झोप. सकाळी सहाला कोरा चहा आणि खारी. मी औषध दिले नाही. तिला आठला जेवू घाला, झोपण्याआधी दोन-तीन तास काही देऊ नका, चहा बंद, सकाळी दूध-पोळी किंवा भाकरी द्या, एवढेच सांगितले. महिन्याभरात त्रास बराच उतरला.

अर्थात प्रत्येक पोटदुखी म्हणजे रिफ्लक्स नव्हे. बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, शाळेतील भीती, यांमुळेही पोट दुखते. म्हणून मी पालकांना दोन आठवड्यांची वही ठेवायला सांगतो : केव्हा दुखले, त्याआधी काय व किती वाजता खाल्ले, रात्री जाग आली का, शी कशी झाली. गिळताना घास छातीत अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शी होणे ही लक्षणे असतील तर वही बाजूला ठेवून थेट तज्ज्ञांकडे जावे. फार लठ्ठ मुले, मेंदूचा पक्षाघात असलेली मुले आणि जन्मतः अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झालेली मुले यांच्यात हा आजार जास्त आढळतो, म्हणून त्यांच्याबाबत अधिक जागरूक राहावे.

तपासण्या किती व केव्हा?

'एकदा सोनोग्राफी करून टाका ना,' असे पालक म्हणतात. सोनोग्राफीने पायलोरिक स्टेनोसिस चांगला कळतो, पण रिफ्लक्सच्या आजाराचे निदान होत नाही. निरोगी बाळातही दूध वर येतच असते. तपासणीच्या वेळी ते दिसले, रिपोर्टात छापले गेले आणि आईबाप हबकले, असे मी अनेकदा पाहिले आहे. बेरियमचे औषध पाजून काढलेल्या एक्स-रेने रचनेतील दोष, म्हणजे अरुंद जागा, पीळ, जठराचा भाग छातीत सरकणे, हे दिसते. चोवीस तास नाकातून बारीक नळी ठेवून आम्ल किती वेळा वर येते हे मोजता येते. एन्डोस्कोपीने अन्ननलिकेची सूज दिसते व तेथील तुकडा तपासता येतो. या शेवटच्या दोन तपासण्या मोठ्या शहरातच होतात आणि निवडक मुलांनाच लागतात. बहुतेकांचे निदान नीट विचारणे, तपासणे आणि वजन करणे एवढ्यावर होते.

छातीत जळजळ स्पष्ट सांगू शकणाऱ्या मोठ्या मुलाला तज्ज्ञ चार ते आठ आठवडे आम्ल कमी करणारे औषध देऊन पाहतात. तान्ह्या बाळाला मात्र हा प्रयोग लागू नाही. ते औषध दुधाचा आंबटपणा घटवते, दूध वर येणे थांबवत नाही. उलट त्याने जुलाब व छातीच्या जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. उलटी थांबवण्याच्या डॉम्पेरिडोनच्या थेंबांनी क्वचित हृदयाची लय बिघडू शकते. एके काळी आम्ही सर्रास लिहीत होतो ते रॅनिटिडीन २०२२ साली राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले गेले. तेव्हा शेजारच्या बाळाची बाटली आणून आपल्या बाळाला थेंब पाजू नका.

घरी काय करावे?

एका वेळी पोट तडस भरण्याऐवजी थोडे थोडे, जास्त वेळा पाजावे. मधे व शेवटी ढेकर काढावा. पाजल्यावर वीस ते तीस मिनिटे बाळाला खांद्यावर उभे धरावे. तेल-मालिश व अंघोळ पाजण्याआधी उरकावी, नंतर नव्हे. पोटावर नाडी घट्ट बांधू नये. घरात विडी-सिगारेट ओढू नये. टाकण्याच्या भीतीने बाळाला पालथे झोपवू नये, डोक्याखाली उशीही देऊ नये. झोपताना ते सपाट जागी, पाठीवरच असावे. पालथ्या झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका असतो. सहा महिन्यांपर्यंत गुटी, ग्राइप वॉटर, साखरपाणी काही नको. मध तर वर्षापर्यंत मुळीच नको.

बाजाराच्या दिवशी आलेल्या त्या आजींना मी औषधाची चिठ्ठी दिली नाही. बाळाचे वजन तारखेसह कार्डावर लिहून दिले आणि सांगितले, "आजी, बाळाला औषध नको. सुनेला पोटभर डाळ-भाजी खायला घाला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा काट्यावर ठेवायला आणा." पंधरा दिवसांनी त्या आल्या तेव्हा अंगडे तसेच ओले होते आणि वजन ४०० ग्रॅमने वाढले होते. डब्याच्या दुधाचा विषय निघाला नाही.